जीर्णोद्धाराचा एक त्रिपक्षीय करारनामा
सार्वजनिक इमारत जुनी झाली की नगरपालिकेच्या दप्तरी बहुधा दोनच तजविजी निघतात: ती पाडावी, अथवा सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या मक्तेदाराकडून तिला सिमेंटचा गिलावा व रंग देऊन मोकळे व्हावे, आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंट चढविले असता ओल आत कोंडून भिंत अधिकच खंगते, ही गोष्ट हिशेबाच्या रकान्यात कोठेच उमटत नाही. या रिवाजाला मुंबईत एक लक्षणीय अपवाद घडला.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत 1872 साली लोकांसाठी खुले झालेले आणि 1975 पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारे वस्तुसंग्रहालय जीर्णावस्थेस पोहोचले, तेव्हा 2003 साली महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था यांच्यात करारनामा झाला. मालकी महापालिकेची, द्रव्यसाहाय्याचा वाटा प्रतिष्ठानाचा आणि तज्ज्ञांची देखरेख इंटॅकची, अशी ही वाटणी होती. तिचे मर्म असे, की मालकी न सोडताही पालिकेला कुशल कारागिरांचे हात लाभले. छतावरील नक्षीला पुन्हा सुवर्णवर्ख चढला, बिडाचे खांब उजळले, मिंटन बनावटीच्या फरशांचे रंग निवळले. 2005 साली युनेस्कोने या कामाचा गौरव केला. 2008 साली दालने पुन्हा उघडली.

वास्तू सावरल्याने सभोवतालची वस्ती आपोआप सावरत नाही, हेही खरे. पदपथ, गटारे, वाहनतळ हे काम पालिकेचेच, आणि त्यासाठी कोणी दाता पुढे येत नाही.