उपचाराची हमी असलेली तपासणी: डेलावेअरचा कर्करोग आराखडा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे डेलावेअर हे अवघ्या तीन काउंट्यांचे राज्य आहे. आज तिथे सुमारे दहा लाख लोक राहतात. १९९०च्या दशकात कर्करोगाच्या मृत्युदरात ते देशात अगदी वरच्या क्रमांकांवर होते, आणि हा भार सर्वांवर सारखा नव्हता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होते.

एकत्र बसणारे लोक

२००१ मध्ये गव्हर्नर रुथ ॲन मिनर यांच्या कारकिर्दीत एक सल्लागार मंडळ नेमले गेले. मिनर यांचे पती कर्करोगानेच गेले होते. या मंडळातून पुढे ‘डेलावेअर कॅन्सर कन्सॉर्टियम’ उभे राहिले. डॉक्टर, रुग्णालये, आरोग्य खाते, आमदार, स्वयंसेवी संस्था आणि आजारातून उठलेले रुग्ण त्यात एकत्र बसले. असे आराखडे तेव्हा अनेक राज्यांत तयार होत होते. त्यासाठी केंद्राचा कार्यक्रम १९९८ पासून होता. डेलावेअरने मात्र शिफारशींना निधी जोडला आणि एका आजाराबाबत नेमके उद्दिष्ट ठरवले.

मोठे आतडेच का?

हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरच्या लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून सुरू होतो. त्याला बरीच वर्षे लागतात. दुर्बिणीने तपासताना, म्हणजे कोलोनोस्कोपीत, ती गाठ तिथल्या तिथे काढता येते. म्हणजे ही तपासणी आजार लवकर शोधते, आणि पुष्कळदा तो होऊच देत नाही. तपासणी ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ते मात्र या दोन्ही फायद्यांना मुकतात. इथली दरी वंशापेक्षा सोयीतून आलेली होती, आणि म्हणूनच ती बुजवता येण्यासारखी होती.

‘सापडला तर पुढे काय?’

विमा नसलेल्या माणसाला तपासणी फुकट दिली तरी तो येईलच असे नाही. त्याच्या मनातला खरा प्रश्न निदानानंतरचा असतो: उपचाराला पैसे कुठून आणायचे? कित्येक मोहिमा नेमक्या इथे अडतात. डेलावेअरने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले. तपासणीचा खर्च राज्य करील. कर्करोग निघाला आणि विमा नसेल, तर उपचाराचा खर्चही राज्य करील. ही मदत पुढे दोन वर्षांपर्यंत मिळू लागली. उत्पन्नाची मर्यादाही इतकी वर ठेवली की मध्यमवर्गीय बिनविमा माणूस तिच्यात बसे. माझ्या मते सगळ्या आराखड्याचा कणा हाच आहे. उपचाराची सोय नसेल, तर लवकर निदान झाल्याने गरिबाच्या हाती फक्त लवकर आलेली चिंता पडते.

सोबतीला परिचारिका

पैशाचा प्रश्न सुटला तरी कोलोनोस्कोपी सोपी होत नाही. आदल्या दिवशी पथ्य, जुलाबाचे औषध, कामावरची सुट्टी, गुंगीच्या औषधामुळे घरी परत नेणारे कोणीतरी, आणि भीती. यासाठी रुग्णालयांत खास परिचारिका नेमल्या गेल्या. तपासणीची वेळ ठरवणे, फोन करून आठवण देणे, वाहनाची सोय बघणे, शंका फेडणे हे त्यांचे काम. निदान झाल्यावरही रुग्णाला उपचारापर्यंत पोहोचवणारी माणसे होतीच. कृष्णवर्णीय वस्त्यांत ओळखीच्या संस्थांमार्फत मुद्दाम संपर्क केला गेला.

आठ वर्षांत काय झाले?

डॉ. स्टीफन ग्रब्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याचा हिशेब प्रसिद्ध केला. २००२ मध्ये कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांची, तर गोऱ्यांपैकी ५८ टक्क्यांची तपासणी झालेली होती. २००९ मध्ये दोन्ही आकडे ७४ टक्क्यांवर आले. कृष्णवर्णीयांत या कर्करोगाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि ते गोऱ्यांच्या जवळपास आले. त्यांचा मृत्युदर लाखामागे सुमारे ३१ वरून १८ वर उतरला. गोऱ्यांचा तेव्हा १७च्या आसपास होता.

पैसा कुठून आला?

मुख्यतः तंबाखू कंपन्यांकडून. १९९८च्या समझोत्यानुसार त्या राज्यांना दरवर्षी भरपाई देऊ लागल्या. कित्येक राज्यांनी ती रक्कम दुसरीकडेच खर्चली. डेलावेअरने ती आरोग्य निधीत ठेवली. तपासणी आणि उपचार मिळून वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर लागत. त्यातून टळलेल्या उपचारांची वार्षिक बचत सुमारे ८५ लाख डॉलर असल्याचा अभ्यासकांचा अंदाज होता.

आता पुढे

राज्य लहान, रुग्णालये मोजकी आणि गव्हर्नरांचा पाठिंबा, यामुळे डेलावेअरला हे जमणे सोपे गेले, हे मान्य करायला हवे. दरम्यान आजारही बदलतो आहे. तरुणांत मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढल्यामुळे २०२१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने तपासणीचे वय ५० वरून ४५ केले. या वयाची माणसे नोकरी आणि लहान मुलांच्या धावपळीत असतात. सुट्टीचा आणि घरी परत नेणाऱ्या माणसाचा प्रश्न त्यांच्यासाठी नव्याने सोडवावा लागणार आहे.