तांदळाच्या राज्याची पुस्तकं

१८४७ साली अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात 'द कॅरोलिना हाउसवाइफ' हे पाककृतींचं पुस्तक निघालं. शीर्षकपानावर लेखिकेचं नाव नव्हतं. चार्ल्स्टनमधली एक स्त्री, एवढीच ओळख होती. ही स्त्री म्हणजे सारा रटलेज, अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची कन्या. या पुस्तकात तांदळाच्या पावापासून खिरीपर्यंत नाना प्रकार आहेत आणि 'हॉपिंग जॉन'ही आहे. तांबडी चवळी, तांदूळ आणि खारवलेलं डुकराचं मांस एका भांड्यात शिजवलं की हॉपिंग जॉन होतो. साउथ कॅरोलिनात नववर्षाच्या दिवशी आजही तो घरोघरी रांधला जातो.

घरंदाज बाईने छापील पानावर नाव घालू नये, असा तो काळ होता. पण हे पदार्थ ज्यांच्या हातून रोज होत होते, त्या गुलाम आचारणींच्या नावांचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. ती नावं, ते हात आणि ते ज्ञान पुस्तकांत यायला पुढे सव्वाशे वर्षं लागली. साउथ कॅरोलिनाविषयीच्या पुस्तकांचा आढावा म्हणजे मुख्यतः या उशिराने झालेल्या नोंदीची हकिकत आहे. या राज्यात इतिहासाचं पुस्तक एका कपाटात आणि पाककृतींचं दुसऱ्या कपाटात ठेवून चालत नाही, कारण दोन्हींचा विषय एकच आहे: तांदूळ.

भात कुणी पिकवला?

१६७० मध्ये इंग्रजांनी ही वसाहत वसवली. सुरुवातीच्या वसाहतकारांत बार्बाडोस बेटावरून आलेले मळेवाले बरेच होते आणि गुलामगिरीची पद्धत त्यांनी सोबतच आणली. अठराव्या शतकात तांदूळ इथलं मुख्य पीक बनला. समुद्राला भरती आली की नद्यांचं गोडं पाणी मागे लोटलं जाऊन पातळी चढते. ते पाणी बांध घालून आणि दारं बसवून खाचरांत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, ही इथली युक्ती. गोव्यातल्या खाजन शेतीतलं 'मानस' ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या दारांचं काम चटकन कळेल. १८४० मध्ये अमेरिकेतला जवळजवळ निम्मा तांदूळ एकट्या जॉर्जटाउन जिल्ह्यात पिकत होता.

ही शेती आली कुठून? जुनं उत्तर राज्याचे माजी गव्हर्नर आणि भातमळ्यांचे मालक डंकन क्लिंच हेवर्ड यांच्या 'सीड फ्रॉम मादागास्कर' (१९३७) या पुस्तकाच्या नावातच आहे. १६८५ च्या सुमारास मादागास्करहून आलेल्या जहाजाच्या कप्तानाने चार्ल्स्टनच्या एका गृहस्थाला मूठभर बियाणं दिलं आणि त्यातून हे वैभव उभं राहिलं, अशी ती कथा. हेवर्ड यांचं पुस्तक वाचनीय आहे. मळ्यावरचं काम, पाण्याची राखण, पिकावर पडणारे पक्ष्यांचे थवे, सगळं त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. पण त्या कथेत बियाणं देणारा गोरा, घेणारा गोरा, आणि चिखलात उभी असलेली हजारो माणसं निव्वळ मजूर.

या चित्राला पहिला मोठा धक्का पीटर वुड यांच्या 'ब्लॅक मेजॉरिटी' (१९७४) या ग्रंथाने दिला. १७०८ च्या सुमारास या वसाहतीत कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती, ही गोष्ट वुड यांनी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणली. इंग्रज वसाहतकारांना भातशेतीची माहिती नव्हती. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेकांना ती होती. मग शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला. १७३९ च्या सप्टेंबरात स्टोनो नदीकाठी गुलामांनी केलेल्या उठावापाशी हा ग्रंथ संपतो. त्या उठावानंतर १७४० मध्ये कडक कायदा आला. गुलामांनी एकत्र जमणं, स्वतःसाठी धान्य पिकवणं, लिहायला शिकणं, सगळ्यावर त्याने बंदी घातली. पन्नास वर्षं उलटूनही 'ब्लॅक मेजॉरिटी'ला पर्याय निघालेला नाही.

वुड यांनी उघडलेल्या वाटेवर डॅनियल लिटलफील्ड यांचं 'राइस अँड स्लेव्ह्‌ज' (१९८१) आलं आणि मग भूगोलतज्ज्ञ ज्युडिथ कार्नी यांचं गाजलेलं 'ब्लॅक राइस' (२००१). कार्नी यांचा दावा मोठा होता. आफ्रिकेतून फक्त हातांची ताकद आली नाही, तर पेरणीपासून कांडण्यापर्यंतची अख्खी विद्या आली, आणि त्या विद्येत बायकांचा वाटा मोठा होता. टाचेने बी मातीत दाबणं, लाकडी उखळात मुसळाने भात कांडणं, पसरट टोपलीत पाखडून तूस उडवणं या एकेका कामाचा माग त्यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर काढला. २००७ मध्ये डेव्हिड एल्टिस, फिलिप मॉर्गन आणि डेव्हिड रिचर्डसन या तीन इतिहासकारांनी गुलामवाहू जहाजांच्या नोंदी पुढे करून या दाव्याला हरकत घेतली. मळेवाल्यांनी भात जाणणारी माणसं हेरून विकत घेतली असं आकडे सांगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वाद जोरात झाला आणि त्यातून विषयाचं भलंच झालं. एडा फील्ड्‌स-ब्लॅक यांनी 'डीप रूट्‌स' (२००८) मध्ये गिनीच्या किनाऱ्यावरच्या भातशेतीचा जुना इतिहास भाषाशास्त्राच्या साहाय्याने उलगडला. आज कार्नी यांचं प्रत्येक विधान जसंच्या तसं स्वीकारता येणार नाही. पण हेवर्ड यांच्या कथेकडे परतणंही आता शक्य नाही.

चुलीजवळचे दस्तऐवज

स्वयंपाकाच्या पुस्तकांत हाच प्रवास अधिक जवळून दिसतो. मळेवाल्या घराण्यातल्या हॅरियट पिंकनी हॉरी यांनी १७७० मध्ये लिहायला घेतलेली पाककृतींची वही छापील रूपात १९८४ मध्ये आली. १९३० च्या 'टू हंड्रेड इयर्स ऑफ चार्ल्स्टन कुकिंग'मध्ये खेकड्याच्या प्रसिद्ध सूपशी जोडलेलं विल्यम डीस या कृष्णवर्णीय बटलरचं नाव छापलं गेलं. त्या काळी तेवढंही विशेष होतं. १९५० मध्ये ज्युनियर लीग या स्वयंसेवी संस्थेच्या महिलांनी काढलेलं 'चार्ल्स्टन रिसीट्‌स' अजूनही विकत मिळतं. त्यात कृष्णवर्णीयांच्या गुल्ला बोलीतली पद्यं गंमत म्हणून पेरलेली आहेत. बोली घेतली, चव घेतली, पण बोलणाऱ्यांना आणि रांधणाऱ्यांना पुस्तकाच्या मालकीत जागा दिली नाही. हे पुस्तक वाचताना ही बोच राहते.

ती जागा व्हर्टामे स्मार्ट-ग्रॉव्हनर यांनी स्वतः घेतली. राज्याच्या किनारी भागात जन्मलेल्या या बाईंचं 'व्हायब्रेशन कुकिंग' १९७० मध्ये आलं. त्यात चमचे-वाट्यांचं माप जवळजवळ नाहीच. हाताला आणि नाकाला जे कळतं त्यावर भिस्त. आजीच्या घरच्या गोष्टी, पॅरिसमधले दिवस, न्यूयॉर्कमधले मित्र आणि मधेच एखादी पाककृती, असा पुस्तकाचा बाज आहे. काळ्या माणसाच्या अन्नाला हलकं लेखणाऱ्यांवरचा रागही त्यात लपवलेला नाही. पाककृतींच्या पुस्तकाला आत्मचरित्राचा आवाज देणाऱ्या लेखनात त्याचं स्थान वरचं आहे.

अभ्यासाच्या बाजूने मोलाचं काम केलं ते कॅरन हेस यांनी. 'द कॅरोलिना राइस किचन' (१९९२) या ग्रंथात त्यांनी १९०१ सालचं भाताच्या पाककृतींचं एक छोटं पुस्तक जसंच्या तसं छापलं आणि त्याभोवती शतकांचा इतिहास उभा केला. तांदूळ निवळ पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा, खळखळत्या मिठाच्या पाण्यात उकळायचा, पाणी काढून टाकून मंद आचेवर वाफ द्यायची, म्हणजे दाणा न् दाणा मोकळा होतो. अशा एकेका पद्धतीवर हेस पानंच्या पानं थांबतात. चार्ल्स्टनच्या पुलावाचं नातं त्या पर्शियापर्यंत नेतात, आणि तो तिथल्या चुलीवर कुणाच्या हाताने रुजला हेही ठामपणे सांगतात: आफ्रिकी आचारणींच्या.

अलीकडची दोन पुस्तकं आवर्जून सांगायला हवीत. कादंबरीकार पॅट कॉनरॉय यांनी डॉफस्की बेटावरच्या शाळेत शिकवलं आणि त्या अनुभवावर 'द वॉटर इज वाइड' (१९७२) लिहिलं. त्यांच्या वर्गातली एक मुलगी, सॅली अ‍ॅन रॉबिन्सन, मोठी होऊन स्वतः लेखिका झाली. तिच्या 'गुल्ला होम कुकिंग द डॉफस्की वे' (२००३) या पुस्तकाची प्रस्तावना कॉनरॉय यांनीच लिहिली. दुसरं पुस्तक इडिस्टो बेटावरच्या एमिली मेगेट यांचं. दुसऱ्यांच्या घरी कित्येक दशकं स्वयंपाक केलेल्या या बाईंचं 'गुल्ला गीची होम कुकिंग' २०२२ मध्ये आलं, तेव्हा त्या नव्वदीला टेकल्या होत्या. मेगेटबाईंच्या घराचं बाजूचं दार उघडं दिसलं की गावाने समजायचं, जेवण तयार आहे, कुणीही यावं. आयुष्यभर मापाशिवाय रांधलेल्या पदार्थांची मापं या पुस्तकासाठी पहिल्यांदा कागदावर उतरली. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. पुस्तक वर्षभर उशिरा निघालं असतं तर ते त्यांच्या हाती पडलंच नसतं.

बोली, टोपल्या आणि रांजण

गुल्ला बोलीला मोडकं इंग्रजी समजण्याची रीत लॉरेन्झो डाउ टर्नर यांनी मोडली. १९४९ च्या 'आफ्रिकानिझम्स इन द गुल्ला डायलेक्ट'मध्ये त्यांनी आफ्रिकी मुळाचे हजारो शब्द आणि व्यक्तिनामं नोंदवली. भाषाशास्त्राचा हा ग्रंथ सर्वसामान्य वाचकाला जड जाईल. त्याने चार्ल्स जॉयनर यांचं 'डाउन बाय द रिव्हरसाइड' (१९८४) घ्यावं. जॉर्जटाउनजवळच्या भातमळ्यांवरच्या एका समाजाचं काम, जेवण, सण, गोष्टी आणि बोली यांचं इतकं भरलेलं चित्र दुसरीकडे सापडणं कठीण.

वस्तूंवरच्या पुस्तकांत डेल रोझेनगार्टन यांचं 'रो अपॉन रो' (१९८६) गवती टोपल्यांविषयी आहे. गवताची जुडी गोल गोल वळवत न्यायची, चमच्याच्या दांड्यापासून केलेल्या टोच्याने भोक पाडायचं आणि त्यातून ताडवर्गीय झाडाच्या पानाची पट्टी ओवून घट्ट आवळायची. भात पाखडण्यासाठी जी टोपली विणली जायची, तीच आज माउंट प्लेझंटच्या हमरस्त्यालगतच्या टपऱ्यांवर कलावस्तू म्हणून विकायला असते.

किनाऱ्यापासून दूर, एजफील्डच्या मातीत डेव्ह नावाचा गुलाम कुंभार मांस आणि चरबी साठवण्याचे प्रचंड रांजण घडवत होता. लिहिणं हाच गुन्हा असलेल्या राज्यात तो ओल्या मातीवर स्वतःचं नाव, तारीख आणि दोन ओळींचं पद्य कोरायचा. लेनर्ड टॉड यांनी 'कॅरोलिना क्ले' (२००८) मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. टॉड हे डेव्हच्या मालकांचे वंशज. ही गोष्ट ते लपवत नाहीत, म्हणून पुस्तकाला वजन आहे.

युद्ध, मुंबई आणि जोतीराव

डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेच्या संघराज्यातून सगळ्यांत आधी फुटून निघालं ते हेच राज्य, आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली तीही चार्ल्स्टनच्या बंदरात, फोर्ट सम्टरवर. त्या दिवसांची रोजनिशी मेरी चेस्नट यांनी लिहिली. सी. व्हॅन वुडवर्ड यांनी संपादित केलेल्या तिच्या १९८१ च्या आवृत्तीला पुलित्झर मिळालं. या युद्धाची झळ आणि झळाळी मुंबईपर्यंत पोचली. दक्षिणेचा कापूस लँकेशायरला जायचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचं वेड पसरलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. या युद्धाचा दुसरा धागा अधिक खोल आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

त्या मुक्तीत गुलामांचा स्वतःचा वाटा किती होता, हे फील्ड्‌स-ब्लॅक यांच्या 'कॉम्बी' (२०२४) या ग्रंथाने दाखवलं. २ जून १८६३ च्या पहाटे, स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी मिळवलेल्या माहितीच्या आधारे उत्तरेच्या नौका काँबाही नदीत शिरल्या आणि भातमळ्यांवरची सुमारे साडेसातशे माणसं स्वतंत्र झाली. ही माणसं कोण होती? युद्धानंतर सैनिकांनी आणि त्यांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी केलेले अर्ज लेखिकेने धुंडाळले. त्यांत लग्नं, मुलं, शेजारी, मळ्यांची नावं, सगळं साक्षीदारांच्या तोंडून आलेलं आहे. या मोहिमेत लेखिकेचा एक पूर्वजही होता. २०२५ चं इतिहासाचं पुलित्झर या ग्रंथाला मिळालं.

हरवलेला दाणा

वादळं, मजुरांची टंचाई आणि इतर राज्यांतला स्वस्त तांदूळ यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली भातशेती संपली. 'कॅरोलिना गोल्ड' हे नामांकित वाण शेतांतून गेलं. १९८० च्या दशकात रिचर्ड शुल्झ या नेत्रतज्ज्ञाने सरकारी बियाणे-संग्रहातून ते मिळवून पुन्हा पेरलं आणि २००५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. डेव्हिड शील्ड्‌स यांच्या 'सदर्न प्रोव्हिजन्स' (२०१५) मध्ये अशा हरवलेल्या धान्यांचा आणि भाज्यांचा शोध आहे. शेफ केव्हिन मिचेल यांच्यासह त्यांनी लिहिलेलं 'टेस्ट द स्टेट' (२०२१) हे या राज्याच्या खाद्यपदार्थांची एकेक करून ओळख करून देणारं सोयीचं पुस्तक. भातापलीकडचं राज्य पाहायचं असेल तर 'रॉडनी स्कॉट्‌स वर्ल्ड ऑफ बार्बेक्यू' (२०२१) आहे. अख्खं डुक्कर रात्रभर निखाऱ्यांवर भाजण्याची हेमिंग्वे गावची पद्धत त्यात आहे. सलग राजकीय इतिहासासाठी वॉल्टर एडगर यांचा 'साउथ कॅरोलिना : अ हिस्टरी' (१९९८) हा जाडजूड ग्रंथ अजून पुरेसा आहे.

एवढ्यातून तीनच निवडायची झाली, तर वुड, हेस आणि 'कॉम्बी', याच क्रमाने वाचावीत आणि शेजारी मेगेटबाईंचं पुस्तक उघडं ठेवावं. मराठी प्रकाशकांनी यांतल्या 'ब्लॅक मेजॉरिटी' आणि 'कॉम्बी' या दोन ग्रंथांच्या चांगल्या अनुवादांकडे लक्ष द्यावं. जोतीरावांनी ज्या लढ्याला आपलं पुस्तक अर्पण केलं, तो लढा ज्यांनी भातखाचरांत उभं राहून लढला, त्यांची हकिकत त्यांच्या नावांसकट मराठीत यायला हवी.