आधी घासणं, मग जंतुनाशन

घरी वाइन किंवा बिअर करताना बरणी नुसती चकचकीत दिसून भागत नाही. तळाचा गाळ आणि गळ्याशी वाळलेला फेसाचा थर कोमट पाण्यात भिजवून आधी पूर्ण काढावा. मळाखाली दडलेल्या जंतूंपर्यंत जंतुनाशक पोहोचतच नाही. प्लास्टिकच्या बादलीला तारेची घासणी मुळीच लावू नका, ओरखड्यांत जिवाणू ठाण मांडतात. ब्लीच मी टाळायलाच सांगेन. त्यातला क्लोरीन मागे राहिला तर पेयाला औषधी वास येतो, आणि ब्लीच आम्लात मिसळलं तर विषारी वायू सुटतो. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पिंपाचा नळ. तो दर वेळी सुटा करून धुवा. रबरी नळी आतून काळपट झाली असेल तर सरळ बदला.