शांत घोडा आणि गप्प घोडा

लग्नसराई सुरू झाली की वरणगाव असो, भुसावळ असो की आजूबाजूचे एखादे लहान खेडे, संध्याकाळी वरात निघतेच. पुढे बँड किंवा डीजे, बाजूला फटाक्यांच्या माळा, नाचणारी पोरे, डोळे दिपवणारे दिवे आणि या सगळ्याच्या मधोमध एक सजवलेला घोडा. पाठीवर नवरदेव. या नवरदेवाने बहुतेक वेळा जन्मात पहिल्यांदाच रिकिबीत पाय ठेवलेला असतो. तरीही घोडा शांत उभा असतो.

आपल्याला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. पण वाटायला हवे. घोडा हा मुळात पळ काढून जीव वाचवणारा प्राणी आहे. मग इतक्या गोंगाटात तो पळत का नाही? याची दोन उत्तरे संभवतात. एक, शेजारी उभ्या असलेल्या माणसावर त्याचा भरवसा आहे आणि या आवाजांतून आपल्याला काही होत नाही हे तो हळूहळू शिकला आहे. दोन, पळण्याचा काही उपयोग नाही हे तो शिकला आहे आणि त्याने प्रयत्नच सोडून दिला आहे. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही घोडे सारखेच शांत दिसतात. त्यांच्यातला फरक कसा ओळखायचा आणि तो मुळात पडतो कशामुळे, ते या लेखात पाहू.

दावणीवर न दिसणारा गुण

वरणगावजवळच्या हतनूर धरणातून पुढे निघालेली तापी पश्चिमेकडे वाहत नंदुरबार जिल्ह्यात शिरते, तेथे तिच्या काठी शहादा तालुक्यातले सारंगखेडा हे गाव आहे. (१९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होण्यापूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते.) येथील दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला भरते. तिच्यातला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या राज्यांतून घोडे येथे विक्रीला येतात. कानांची टोके आत वळलेले मारवाडी आणि काठियावाडी घोडे येथे हमखास पाहायला मिळतात.

गिऱ्हाईक काय पाहते? दात पाहून वय ताडते. (घोड्याचे पुढचे कायमचे दात साधारण पाचव्या वर्षापर्यंत पुरे होतात, त्यामुळे तोवरचा अंदाज बराच अचूक येतो.) उंची, रंग, चाल पाहते. अंगावरचे केसांचे भोवरे मोजून शुभ-अशुभ ठरवते. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणीला जास्त भाव देते. पण ज्याला त्या घोड्यावर रोज बसायचे आहे, त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गुण दावणीवर दिसत नाही. या घोड्याला आतापर्यंत माणसांनी काय शिकवले आहे, हा तो गुण. तो समजण्यासाठी आधी घोड्याचे शरीर पाहावे लागेल.

पळणाऱ्या प्राण्याचे शरीर

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला सुमारे ३५० अंशांतले दिसते. न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळाच्या अगदी समोर थोडीशी आणि शेपटीच्या बरोबर मागे. मागून गुपचूप गेलेल्या माणसाला लाथ का बसते, याचे उत्तर या मागच्या जागेत आहे. घोडा दुष्ट नसतो. त्याच्या दृष्टीने मागे अचानक काहीतरी उगवलेले असते. जाणकार माणूस आधी आवाज देतो, खांद्याच्या बाजूने जवळ जातो, मग हात लावतो.

कान जवळजवळ १८० अंशांत फिरतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना वळू शकतात. माणसाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. घोड्याला सुमारे ५५ पासून ३३,५०० हर्ट्झपर्यंतचे. म्हणजे आपल्याला न कळणारे बारीक, तीव्र आवाजही त्याला कळतात. कातडी तर अशी की अंगावर माशी बसली तर नेमकी तेवढीच जागा तो थरथरवू शकतो. आपल्या पायाचा किंचित दाब त्याला कळणार नाही, असे मानणे म्हणूनच चूक आहे.

हा प्राणी माणसाळला केव्हा? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या मोठ्या अभ्यासानुसार आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतले, आणि तेथून ते जगभर पसरू लागले ते सुमारे ४२०० वर्षांपूर्वी. निवडक पैदाशीत ज्या जनुकांवर भर पडला त्यांपैकी एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी, तर दुसऱ्याचा मनःस्थितीच्या नियंत्रणाशी असावा, असे या संशोधकांना दिसले. म्हणजे ओझे पेलणारी पाठ आणि थोडा शांत स्वभाव! पण ४२०० वर्षांत पळ काढण्याची वृत्ती पुसली जात नाही. ती प्रत्येक शिंगरात नव्याने येते आणि प्रत्येक शिंगराला नव्याने शिकवावे लागते.

दाब केव्हा सुटतो?

घोड्याला शिकवतात कसे? समजा, दोरी धरून त्याला पुढे चालायला शिकवायचे आहे. दोरीला हलका ताण द्यायचा. घोडा थोडा वेळ उभा राहील, मान हलवील, मग केव्हातरी एक पाऊल पुढे टाकील. त्याच क्षणी ताण सोडायचा. असे काही वेळा झाले की ताण जाणवताच तो पाऊल टाकू लागतो. पुढे ताण इतका कमी करता येतो की तो केवळ खूण उरतो. टाचेचा दाब, लगामाचा इशारा, या साऱ्यांचे मूळ तत्त्व हेच. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. 'ऋण' म्हणजे शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट काढून घेतल्याने वागणूक पक्की होते, म्हणून ऋण. हरभऱ्याचे चार दाणे देऊन शिकवले तर ते धन प्रबलन.

येथे एक बारकावा आहे. घोडा दाब देण्यातून शिकत नाही. दाब सुटण्यातून शिकतो. ताण दोन-तीन सेकंद उशिरा सोडला तर तोवर घोड्याने मान झटकलेली असते, आणि त्याला वाटते, मान झटकली की दोरी सैल होते! मग मालक म्हणतो, घोडा खोडकर आहे. वास्तविक तो शिकवलेलेच करत असतो.

टाच मारायची आणि त्याच वेळी लगामही खेचून धरायचा, ही दुसरी गफलत. सायकलचा ब्रेक दाबून पायडल मारण्यासारखेच हे. फरक इतकाच की सायकल गोंधळत नाही, घोडा गोंधळतो. लगामाचा लोखंडी भाग घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या जागेत, थेट हिरडीवर आणि जिभेवर टेकतो. तेथे सतत खेच राहिली तर कोणतेही उत्तर देऊन दाब सुटत नाही. ज्या प्रश्नाला उत्तरच नाही तो प्रश्न विद्यार्थ्याने किती वेळ सोडवावा?

मराठीत घोडेस्वाराच्या बैठकीला 'मांड' हा सुरेख शब्द आहे. पक्की मांड म्हणजे आवळलेली मांड नव्हे. तोल सांभाळण्यासाठी ज्याला लगामाला लोंबकळावे लागत नाही त्याची मांड पक्की. असा स्वार विनाकारण दाब देत नाही, म्हणून त्याने दिलेला प्रत्येक दाब घोड्याला अर्थपूर्ण वाटतो. आपण ज्याला भरवसा म्हणतो त्याचा पाया हाच आहे: हा माणूस काय करील याचा अंदाज बांधता येतो आणि आपण योग्य उत्तर दिले की तो थांबतो.

घोडा आपल्याला वाचतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गाजत होता. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी हान्सला वर्गात शिकवावे तसे अंकगणित शिकवले होते. प्रश्न विचारला की हान्स खुराने उत्तराइतके ठोके देई. १९०४ साली नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाला यात काही लबाडी आढळली नाही. नंतर ओस्कार फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने पद्धतशीर प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुके. ठोके योग्य संख्येपाशी आले की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि हान्स थांबे. गंमत म्हणजे हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पूर्णपणे रोखता येईना.

हान्सला गणित येत नव्हते, हे खरे. पण खोलीतल्या एकाही माणसाला न दिसलेली हालचाल त्याला दिसत होती, हे त्याहून मोठे सत्य. (आपला चेहरा पाहून उत्तर देणारे विद्यार्थी शिक्षकांना ठाऊक असतीलच!)

आता अलीकडचा एक प्रयोग पाहू. स्वीडनमधल्या संशोधकांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. काही जणांना घोडा घेऊन ठरावीक अंतर चार वेळा पार करायला सांगितले. काहींनी घोडा हाताने धरून चालवला, काही त्यावर बसले. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले की या वेळी तुम्ही जवळून जाताना एक माणूस छत्री उघडणार आहे. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्यांचेही. घोड्याला छत्रीबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. त्याला सांगितले ते माणसाच्या शरीराने. मन धास्तावले की मांड आवळते, लगाम आखडतो, श्वास अडतो.

२०१६ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांची मोठी छायाचित्रे दाखवली. रागावलेल्या चेहऱ्यांकडे घोडे डाव्या डोळ्याने पाहत आणि त्यांचे ठोके लवकर वाढत. डाव्या डोळ्याची माहिती मुख्यतः मेंदूच्या उजव्या भागात जाते; धोक्याच्या गोष्टींची दखल अनेक प्राण्यांत तोच भाग घेतो. तेव्हा 'घोड्याला स्वार कळतो' या जुन्या समजुतीत तथ्य आहे.

शांतता दोन प्रकारची

आता वरातीतल्या घोड्याकडे परत जाऊ. मोठ्या आवाजाची सवय लावण्याची रीत अशी: आवाज आधी लांबून आणि हलका, घोडा चारा खात असताना. तो खाणे थांबवणार नाही इतकाच. मग दिवसागणिक थोडा जवळ. दर वेळी भीती वाढण्यापूर्वी थांबायचे. याला वेळ लागतो. दुसरी रीत झटपट: घोडा जखडून ठेवायचा आणि कानाशी फटाके लावायचे. तो धडपडतो, धडपडतो आणि शेवटी उभा राहतो. झाला शांत!

पण हा शांत झालेला नाही, गप्प झालेला आहे. २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी रपेटीच्या शाळांतल्या घोड्यांचे निरीक्षण केले. त्यांतले काही घोडे मान पाठीच्या पातळीत धरून, डोळे उघडे पण नजर एका जागी खिळलेली, कान स्थिर, असे बराच वेळ उभे राहत. अंगाला स्पर्श झाला किंवा माणूस जवळ आला तरी ते इतरांपेक्षा कमी प्रतिसाद देत. मात्र काही अनपेक्षित, नवे समोर आले की हेच घोडे इतरांपेक्षा जास्त बिथरत. म्हणजे गप्प घोडा सुरक्षितही नसतो. पाठीवर नवरदेव आणि भोवती लहान मुले असताना हे लक्षात ठेवायला हवे.

भरवसा असलेल्या घोड्याचे कान हलते असतात. एक कान बहुधा ओळखीच्या माणसाकडे वळलेला असतो. तो फुरफुरतो, ओठ सैल सोडतो. घोडे उभ्याउभ्या डुलकी घेतात, पण गाढ, स्वप्नांची झोप त्यांना आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि भोवताली सुरक्षित वाटल्याशिवाय ते आडवे होत नाहीत. तबेल्यात निवांत पसरलेला घोडा ही त्या तबेल्याला मिळालेली पावतीच. खराऱ्याचेही तसेच. मान जेथे पाठीला मिळते तेथे घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. त्या जागी माणसाने खाजवले तरी ठोके मंदावतात, असे १९९३ सालच्या एका अभ्यासात दिसले. रोजचा खरारा म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे.

भारतात १९६५ च्या नियमांनुसार जनावर हाकण्यासाठी काटेरी लगाम किंवा अणकुचीदार साधन वापरायला मनाई आहे. दयाबुद्धीने तर हे योग्य आहेच. पण शिकवण्याच्या शास्त्रानेही योग्य आहे. वेदना इतकी मोठी झाली की तिच्यापलीकडची कोणतीही खूण ऐकू येत नाही.

वर्गात करून पाहा

घोडा नसला तरी हे शिकता येते. एका विद्यार्थ्याला बाहेर पाठवा. वर्गाने मिळून त्याच्यासाठी एक साधे काम ठरवावे, उदाहरणार्थ, टेबलावरचा खडू उचलणे. तो आत आला की कोणी बोलायचे नाही. त्याचे पाऊल योग्य दिशेने पडले की त्याच क्षणी एक टाळी. दुसऱ्या फेरीत नवा विद्यार्थी, नवे काम. पण टाळी मुद्दाम तीन सेकंद उशिरा. तिसऱ्या फेरीत टाळी नाहीच. चुकले की सगळ्यांनी 'चूक!' म्हणायचे.

प्रत्येक फेरीला किती वेळ लागला ते फळ्यावर लिहा. त्याबरोबर तिसऱ्या फेरीतल्या विद्यार्थ्याच्या पायांकडे पाहा. काही वेळाने तो बहुधा जागच्या जागी थांबेल, कारण न हलणे हेच सर्वांत कमी चुकीचे असते. खेळ झाल्यावर तिघांनाही विचारा, आत काय वाटत होते? घोड्याला हे विचारता येत नाही. त्याच्याबाबतीत आपल्याला कान, डोळे आणि मान पाहूनच ते ओळखावे लागते.