बोटावरचा संकासूर

मे महिन्यात मी कोकणात मसुऱ्याला भावाकडे जाते, तेव्हा हातपाय धुऊन होण्याआधीच पडवीत मुलं जमलेली असतात. माझ्या पिशवीत फेल्टचे तुकडे असतात हे वाडीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बोटबाहुल्यांचा हा उद्योग बारा वर्षांपूर्वी सुरू झाला. पहिल्या वर्षी मी शहरातून नमुने नेले होते: सिंह, हत्ती, पेंग्विन. मुलांनी ते निमूट कापले, चिकटवले आणि दिवेलागणीला पडवीतच टाकून घरी गेली. दुसऱ्या दिवशी एका सात वर्षांच्या मुलाने काळा तुकडा मागितला.

"कित्याक रे?"

"माका संकासूर करूचो हा."

तेव्हापासून पेंग्विन बंद.

संकासूर कोण हे कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. दशावतारी नाटकात मुख्य आख्यानाआधी जो पूर्वरंग होतो, तो आडदशावतार. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते आणि मग हा वेद चोरणारा दैत्य. काळा वेष, काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लालभडक जीभ. बाकीची पात्रं शुद्ध मराठी बोलतात, हा मात्र आमच्यासारखी मालवणी बोलतो. लहानपणी जत्रेत त्याला पाहून मी आईच्या पदरात तोंड लपवायची आणि पदराच्या फटीतून त्यालाच बघत राहायची. आंगणेवाडीची भराडी देवी आमच्याच मसुऱ्यातली. तिच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल होईल तो दिवस. त्या जत्रेला आणि गावोगावच्या जत्रांना जाऊन आलेल्या मुलांच्या डोक्यात चेहरे तयारच असतात. त्यांना बाहेरून नमुना द्यायची गरज नसते.

आणि संकासुराला फेल्टइतकं योग्य कापड दुसरं नाही. फेल्ट विणलेलं नसतं, म्हणून कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत. सुती चिंधीची जीभ कापली तर दोन दिवसांत तिची झालर होते. फेल्टची जीभ कापली तशीच राहते, वर थोडी ताठही असते, त्यामुळे बोट हललं की ती थरथरते. मुलं मला विचारतात, पण शेवटी स्वतःच शोधतात. एकीने जीभ आधी नखाएवढी कापली, बोट हलवून पाहिलं आणि ती काढून टाकली.

"आते, केवढी ठेवू?"

"हनुवटेच्या खाली येवक व्हयी."

तिने ती पोटापर्यंत आणली आणि खालच्या टोकाला कात्रीने किंचित गोलाई दिली. ती जीभ हलली तेव्हा पडवीतलं सगळ्यात धाकटं पोर उठून घरात पळालं. संकासूर जमला.

मूळ फेल्ट लोकरीचं. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात ती चोळली की खवले एकमेकांत अडकतात आणि थर घट्ट बसतो. आपल्याकडचा बुरणूस याच जातीचा. आल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या गोठलेल्या थडग्यांत सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे फेल्टचे हंस सापडले. जर्मनीत पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत बसलेल्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० च्या सुमारास टाचण्या टोचायला फेल्टचे छोटे हत्ती शिवले, तर मुलांनी ते खेळायलाच घेतले. स्टेशनरीच्या दुकानातलं आपलं फेल्ट बहुतेक कृत्रिम धाग्याचं असतं, पण कडा न सुटण्याचा गुण त्यातही आहे.

कृती लहान आहे. मुलाच्या बोटासाठी चार सेंटिमीटर रुंद आणि सहा लांब असे दोन तुकडे घ्यायचे, वरची बाजू गोल करायची. नाक, डोळे, जीभ आधी पुढच्या तुकड्यावर लावून घ्यायची, तुकडे जोडल्यावर तिथे सुई नीट जात नाही. मग तीन बाजूंनी काजटाका, खालची बाजू उघडी. लहान मुलांसाठी मी कडेने दाभणाने भोकं पाडून ठेवते आणि बोथट सुई देते. डिंकाने चिकटवू नका. पहिल्या वर्षीच्या आमच्या सगळ्या बाहुल्या आषाढातल्या दमट हवेत सुटल्या, शिवलेल्या अजून टिकून आहेत.

खरी गंमत पुढे, कोण कुठल्या बोटावर बसणार यात. हात टेबलावर सपाट ठेवून एकटी अनामिका उचलून पाहा, फारशी उठत नाही. मधल्या बोटाशी आणि करंगळीशी तिचे स्नायुबंध जोडलेले असतात. मुलांनी हे बाहुल्या घालून शोधलं आणि ऋद्धी-सिद्धींना मधल्या बोटावर नि अनामिकेवर बसवलं, कारण त्या नेहमी बरोबरच हलतात. गणपती अंगठ्यावर, बसल्या जागी आशीर्वाद द्यायला. संकासुराला दुसऱ्या हाताची तर्जनी, कारण त्याला उड्या मारायच्या असतात. चपलांचं खोकं म्हणजे दशावतारी कंपनीचा पेटारा, परात म्हणजे झांज. तात्या विंचूही एकाने केला. त्याचा 'झपाटलेला' सिनेमा १९९३ चा, पण ही मुलंही तो टीव्हीवर बघतात. त्याच्यापुढे संकासूर मात्र दबला नाही.

या मुलांना घेऊन एकदा कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले. तिथले लोककलावंत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या तिथे एका छपराखाली आहेत. जुन्या मराठीत अशा बाहुल्यांना सायखडी म्हणत, ज्ञानेश्वरीतही तो शब्द आहे. माझी मुलं बाहुलीकडे कमी आणि दोरी धरलेल्या बोटांकडे जास्त बघत होती. कुठलं बोट ओढलं की कुठला हात उठतो, हे ती आपल्या बोटांनी हवेत करून पाहत होती. बोटबाहुली केलेल्या मुलाला कळसूत्री वेगळी दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. शाळांनी पिंगुळीची सहल नेण्याआधी वर्गात एक तास कात्री आणि फेल्ट द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

सुट्टी लागली की घरीच करून पाहा. काळा, लाल आणि पांढरा असे तीन तुकडे आणा, सुईत दोरा ओवून द्या. तुमच्या गावात संकासूर नसेल तर तुमच्या जत्रेतला, तमाशातला, भारुडातला जो कोणी असेल तो करा. त्याची जीभ मात्र मुलालाच कापू द्या.