अंदाजी श्रेणी आणि कायद्याचें शिक्षण

गेल्या वर्षीं ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यांत रात्रीं उशिरा लंडनहून माझ्या भाचीचा दूरध्वनि आला. आवाज इतका पडलेला, कीं घरांत कोणी आजारी आहे कीं काय, अशी मला शंका आली. प्रकार निराळाच होता. तिच्या मुलीला कायदा शिकावयाचा आहे. शाळेनें तिच्या ए-लेव्हल परीक्षेविषयीं 'ए, ए, बी' असा अंदाज वर्तविला होता, आणि ज्या विद्यापीठांवर मुलीचें मन बसलें होतें तीं 'एक तारांकित ए आणि दोन ए' मागत होतीं. "मामा, सगळें संपलें हो," भाची म्हणाली. मीं आयुष्य वकिलींत घालविलेलें आहे; निकाल लागण्यापूर्वींच शिक्षा भोगावयास बसलेलीं माणसें पुष्कळ पाहिलीं आहेत. त्या रात्रीं तिला जें सांगितलें आणि पुढें चौकशी करून जें कळलें, तें आज श्रोत्यांपुढें मांडणार आहें. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतील मुलें आतां तिकडे शिकतात किंवा शिकूं इच्छितात. तेव्हां विषय अगदींच परका नाहीं.

ही अंदाजी श्रेणी मुळांत आली कोठून? इंग्लंडांत अठराव्या वर्षाच्या सुमारास मुलें बहुधा तीन विषय घेऊन ए-लेव्हलची परीक्षा देतात. परीक्षा उन्हाळ्यांत होते व निकाल ऑगस्टांत लागतो. पण विद्यापीठाचा अर्ज 'यूकॅस' नांवाच्या मध्यवर्ती संस्थेमार्फत त्याच्या कितीतरी महिने आधीं करावा लागतो. हातीं निकाल नाहीं, म्हणून शिक्षकानें भाकीत करावयाचें. पूर्वीं पहिल्या वर्षाअखेर होणारी ए-एस परीक्षा ए-लेव्हलचाच भाग असे, आणि तिचे गुण तरी विद्यापीठापुढें येत. २०१५ पासून इंग्लंडांत ती टप्प्याटप्प्यानें अलग काढण्यांत आली, आणि शिक्षकाच्या शब्दाचें वजन वाढलें. निकालानंतरच प्रवेश द्यावे, असा विचार २०२१ सालीं सरकारनें लोकांपुढें मांडला होता. पुढच्याच वर्षीं तो सोडून दिला.

हें भाकीत कितपत खरें ठरतें? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील अर्थशास्त्रज्ञ गिल वाइनेस यांनीं २०१६ सालीं याची छाननी प्रसिद्ध केली. ज्यांचा अंदाज तंतोतंत जुळला असे विद्यार्थी अवघे १६ टक्के निघाले! हें ऐकतांच भाचीला धीर आला. पण पुढचा आंकडा सांगितल्यावांचून मला राहवेना. ७५ टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतींत चूक वरच्या बाजूची होती; म्हणजे प्रत्यक्ष निकाल अंदाजाहून खालीं आला. उलट बाजूनें अन्याय होतो तो बहुधा गरीब घरांतील हुशार मुलांवर. त्यांना शाळा त्यांच्या योग्यतेहून कमी लेखण्याचा संभव अधिक.

२०२० सालीं तर या अंदाजांचा जाहीर तमाशाच झाला. साथीमुळें परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांच्या श्रेणी फार उदार आहेत, असें धरून परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वॉल या संस्थेनें गणिती सूत्रानें त्यांना कात्री लावली. १३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हां इंग्लंडांतील सुमारें ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनीं दिलेल्याहून खालीं आल्या होत्या. मुलें रस्त्यावर उतरलीं, आणि चारच दिवसांनीं सरकारनें सूत्र मागें घेऊन शिक्षकांचा शब्द मान्य केला.

भाचीचा पहिला विचार, शाळेंत जाऊन अंदाज वाढवून आणावा, हा होता. मला तो पसंत पडला नाहीं. अंदाज वाढवून घेणें म्हणजे हुंडीवरची रक्कम वाढविणें होय. ऑगस्टांत मुदत भरते आणि ती वटवावी लागते. विद्यापीठ जागा देऊं करतें तें बहुधा सशर्त, अमुक श्रेणी मिळाल्या तर, असें. ती अट पुरी झाली नाहीं तर हातीं आलेली जागा जाण्याचा धोका असतो. तरीहि शिक्षकांस भेटावें. मात्र मुलीनें स्वतः, आपले सोडविलेले पेपर घेऊन, 'कोठें कमी पडलें आणि किती दिवसांत भरून काढलें तर आपलें मत बदलेल?' एवढेंच विचारण्यासाठीं. आईबापांनीं तावातावानें जाण्याचें कारण नाहीं.

ती भेटली. श्रेणी कांहीं वाढली नाहीं. पण बोलतां बोलतां एक गोष्ट निघाली. आदल्या वसंतांत तिच्या वडिलांवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि दोन महिने पोर घर व इस्पितळ यांमध्यें हेलपाटे घालीत होती. शाळेला याचा पत्ता नव्हता. घरचें दुखणें चारचौघांत सांगावयाचें नाहीं, ही आपल्या लोकांची जुनी रीत. येथें ती अंगलट आली होती. यूकॅसच्या अर्जांत शिक्षकाचें शिफारसपत्र असतें, आणि अशा अडचणी नमूद करण्यास त्यांत स्वतंत्र जागा आहे. शिक्षकांनीं ती भरली. ही सहानुभूतीची याचना नव्हे. गुण वाचणाऱ्याला संदर्भ पुरविणें आहे. तेथेंच राहणाऱ्या विद्यार्थ्यांची शाळा, वस्ती वा घरची स्थिति पाहून कांहीं विद्यापीठें अटच एक-दोन पायऱ्यांनीं खालीं आणतात. तिलाहि आपण पात्र आहों का, हें पाहून घ्यावें.

आतां पांच जागांची निवड. एका अर्जावर पांच पसंत्या देतां येतात, आणि बाकीच्या चार कोणत्या हें प्रवेश देतांना कोणत्याहि विद्यापीठाला दिसत नाहीं. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकीं एकच निवडावें लागतें, आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबरला सरते. इतरांना जानेवारीच्या मध्यापर्यंत सवड असते. गंमत अशी, कीं ऑक्सफर्डची कायद्याची नेहमींची अट तीन ए एवढीच, तर केंब्रिजची एक तारांकित ए आणि दोन ए. यावरून ऑक्सफर्ड सोपें असें मानणारा फसेल. तेथें चाचणी आणि मुलाखत यांच्या चाळणींतून जावें लागतें. माझ्या मतें पांचांतील एक-दोन मनाजोगीं, परंतु वरचीं. दोन अंदाजाशीं जुळणारीं. आणि एक निश्चितपणें खालचें, पण जेथें खरोखर शिकावेसें वाटेल असें असावें. किमान श्रेणी जेथें स्पष्ट लिहिली आहे, तेथें तिच्याखालचा अंदाज घेऊन पांचहि अर्ज घालणें हा जुगार आहे.

चाचणी म्हणजे 'एलनॅट'. २००४ सालीं ती सुरू झाली. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनचीं युनिव्हर्सिटी व किंग्ज कॉलेजें, डरॅम, ब्रिस्टल इत्यादि ठिकाणीं ती लागते. लीड्स, शेफील्ड, एक्सेटर येथें लागत नाहीं. पहिल्या भागांत उतारे वाचून ९५ मिनिटांत ४२ प्रश्न सोडवावयाचे, दुसऱ्यांत ४० मिनिटांत एक निबंध लिहावयाचा. कायद्याचें ज्ञान मुळींच विचारीत नाहींत. लेखक काय गृहीत धरतो, कोठें घसरतो, हें ओळखतां आलें पाहिजे. वर्षांतून एकदांच बसतां येतें, म्हणून पुरेशी तयारी झाल्यावांचून तारीख घेऊं नये. ज्याचा अंदाज काठावरचा आहे, त्याला स्वतःच्या बळावर कांहीं बदलण्याची हीच एक खरी संधि होय. वृत्तपत्रांतील अग्रलेख पेन्सिल हातीं घेऊन वाचावे, असें मीं नातीला सांगितलें. "आजोबा, तुमच्यासारखी भांडत वाचूं का?" असें तिनें विचारलें. मीं होय म्हटलें.

अर्जांतील स्वतःविषयींचें निवेदन पांचहि विद्यापीठांकडे एकच जातें. २०२६ च्या प्रवेशापासून तें तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागलें आहे, आणि एकंदर मर्यादा ४००० अक्षरांची. लहानपणापासून न्यायाची चाड होती, असें लिहिणारे शेंकड्यांनीं सांपडतील. एखादा निकाल वाचून तो आपणास का पटला नाहीं, हें चार ओळींत सांगणारा क्वचित् असतो.

जागा हातीं आल्या कीं एक पक्की आणि एक राखीव ठरवावी लागते. राखीव ही पक्कीहून खालच्या अटीची नसेल तर राखीव ठेवून उपयोग काय! निकाल थोडक्यांत हुकला तरी विद्यापीठ कधीं कधीं पदरांत घेतें. न घेतल्यास 'क्लिअरिंग' नांवाची उरलेल्या जागांची व्यवस्था आहे; कायद्याच्या नामांकित जागा मात्र तींत थोड्याच निघतात. एक वर्ष थांबून प्रत्यक्ष गुणांनिशीं पुन्हां अर्ज करणें हा मार्गहि खुला असतो, आणि मग अंदाजाची कटकटच संपते. परीक्षा दुसऱ्यांदां देऊन मिळविलेले गुण कांहीं विद्यापीठें कमी लेखतात. तें आधीं विचारून घ्यावें.

भाचीच्या मनांतली खरी भीति निराळीच होती. अमुक विद्यापीठांतील कायद्याची पदवी नाहीं, तर मुलगी वकील होणार नाहीं, असें तिनें धरलें होतें. इंग्लंडांत तसें नाहीं. सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यास कोणत्याहि विषयाची पदवी वा तत्सम पात्रता, दोन टप्प्यांची एसक्यूई परीक्षा, दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची खात्री एवढें पुरतें. बॅरिस्टरलाहि दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन एका वर्षाच्या अभ्यासक्रमानें कायद्याकडे वळतां येतें. लॉर्ड डेनिंग आधीं गणिताचे पदवीधर होते. लॉर्ड सम्प्शन इतिहास शिकले, शिकविला, आणि २०१२ सालीं थेट वकिलींतून सर्वोच्च न्यायालयावर गेले. डॉ. आंबेडकरांनीं १९१६ सालीं ग्रेज इनमध्यें नांव घातलें, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें परतावें लागलें, आणि बॅरिस्टर झाले ते १९२२ सालीं. येथून जाऊन परत येथेंच वकिली करूं इच्छिणाऱ्या भारतीय नागरिकानें मात्र एक गोष्ट आधींच पाहावी. परदेशी पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेची असावी लागते, आणि त्यावर कौन्सिलची परीक्षाहि द्यावी लागते.

आमच्या नातीनें ऑक्सफर्ड सोडून दिलें आणि नोव्हेंबरांत एलनॅट दिली. पांचांपैकीं दोघांनीं नकार कळविला, तिघांनीं सशर्त जागा देऊं केल्या. त्यांतील एकाची अट नेमकी 'ए, ए, बी' आहे, तीच तिनें राखीव ठेविली आहे. निकाल ऑगस्टांत लागावयाचा आहे. सध्यां ती इतिहासाचे जुने पेपर सोडवीत असते, आणि भाचीचे दूरध्वनि आठवड्याला एकावर आले आहेत.