दीड एकरातले दादाजी

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरातून निघणाऱ्या लोहखनिजाचा हिशोब चोख असतो. ३४८ हेक्टरची लीज, काट्यावर होणारं ट्रकांचं वजन, टनामागे सरकारला द्यायचं स्वामित्वधन, सगळं कागदावर असतं. डोंगर कुणाचा यावर वाद आहे. ठाकूरदेवाला मानणारी आदिवासी गावं आणि खाणीवाले यांचं जमत नाही, गोळीबार-जाळपोळ झाली, २०१६च्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी ऐंशीच्या आसपास वाहनं पेटवून दिली. तरी जे खणून बाहेर पडतं ते मोजलं जातं. एटापल्ली–आलापल्लीच्या रस्त्याला हे ट्रक जिथे थांबतात, तिथल्या खानावळीत ताटात येणारा बारीक भात बरेचदा एचएमटी या धानाच्या वाणाचा असतो. तो ज्या माणसाने घडवला त्याचा हिशोब मात्र कधी कुणी मांडला नाही.

तो माणूस याच पट्ट्यातला. सूरजागड एका टोकाला, तर दादाजी रामाजी खोब्रागडे यांचं नांदेड (फकीर) हे गाव दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात. मराठवाड्यातलं नांदेड वेगळं. हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं, धानाचं. दलित कुटुंबात जन्म, शाळा तिसरीपर्यंत, पुढे बांधीत उतरले ते कायमचे. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, ‘सर्च’ संस्थेच्या दवाखान्यात ते गेले तेव्हा ७९ वर्षांचे होते. अर्धांगवायूने शेवटची काही वर्षं त्यांना अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं.

एचएमटीची जन्मकथा अनेकांनी सांगितली आहे, पण ती योगायोगाची म्हणून सांगितली जाते आणि तिथेच माझा आक्षेप आहे. १९८३ साली बांधीत ‘पटेल ३’ हा जबलपूरकडचा धान उभा होता. त्यात दादाजींना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा बारीक. आता धानाच्या बांधीत वेगळी लोंबी सापडणं यात नवल काही नाही. दरवर्षी सापडते. कापणी करणारी बाई ती इतरांबरोबर कापते, भारा बांधते, पुंजण्यात रचते, आणि चुरणीत ती हजारो लोंब्यांत मिसळून जाते. दादाजींनी ती वेगळी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आणि पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध लावली. डुकरं-हरणं शिरू नयेत म्हणून भोवती काटेरी झुडपं रोवली. हा योगायोग नव्हे. ज्याला शेकडो लोंब्यांत एक परकी ओळखू येते, त्याची नजर कसबी कारागिराची असते.

शिवाय खरं काम त्यानंतरचं होतं. धानाचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे चांगली लोंबी निवडली तर तिचं गुणवैशिष्ट्य पुढच्या पिढीत बऱ्यापैकी टिकतं. पण बऱ्यापैकीच. पहिल्या वर्षी चिमूटभर दाणे, त्यातून काही रोपं. त्यातली जी उंच गेली, जिचा दाणा जाड झाला, जी उशिरा निसवली ती काढून टाकायची, उरलेल्यांतून पुन्हा निवड. झाडीपट्टीत पावसाच्या भरवशावर वर्षाला एकच पीक. म्हणजे चूक झाली तर दुरुस्तीची संधी पुढच्या मृगात. असे पाच-सहा हंगाम गेले. पऱ्हे टाकायचे, रोवणा करायचा, निसवण पाहायची, कापायचं, दाणा दाताखाली फोडून बघायचा, भात शिजवून बघायचा. कृषी विद्यापीठात हेच काम करणाऱ्याला पैदासकार म्हणतात, त्याला पगार असतो आणि मदतनीसही. दादाजींकडे घरची माणसं होती.

१९९०च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने दीडशे किलो बियाणं नेलं, चार एकरांत लावलं आणि पन्नास क्विंटल धान काढला. तो तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्याने वाणाचं नाव विचारलं तर सांगायला नाव नव्हतं. त्या काळी लग्नात जावयाच्या मनगटावर एचएमटी घड्याळ चढलं की सासऱ्याची इज्जत राहायची. व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिलं. ते घड्याळाचे कारखाने २०१६ साली बंद करायचा निर्णय झाला. भात चालू आहे, आणि महाराष्ट्राबरोबर छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्राकडेही पसरलेला आहे.

बियाणं पसरलं ते जाहिरातीने नव्हे. एकाने दुसऱ्याला पायलीभर दिलं, दुसऱ्याने मेव्हण्याला दिलं, मेव्हण्याने गावात. दाणा बारीक, शिजल्यावर मोकळा, उताराही चांगला, मग कोण सोडतो?

याच काळात घरावर संकट आलं. मुलगा आजारी पडला आणि उपचारासाठी दादाजींनी जमीन विकली. जिच्या मातीत त्यांचे प्रयोग चालायचे ती जमीन, आणि विकली ती बाप म्हणून, एवढं लिहून मी पुढे जातो. त्यावर टिप्पणी करण्याची माझी लायकी नाही. पुढे एका नातलगाने दिलेल्या दीड एकरात त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तिथेही लोंब्या निवडणं थांबलं नाही. विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, दीपक रत्न, काटे एचएमटी, डीआरके असे वाण एकामागून एक झाले. डीआरके ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं, मधलं वडिलांचं.

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने १९९४ मध्ये त्यांच्याकडून पाच किलो एचएमटी बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण आला. विद्यापीठाची बाजू अशी की मूळ बियाणं भेसळीचं होतं, आम्ही ते शुद्ध केलं. शुद्धीकरण हे खरं काम आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. पण शुद्ध करायला मुळात काहीतरी घडलेलं लागतं, आणि ते कोणाच्या बांधीत घडलं हे सांगायला एक ओळ पुरली असती. श्रेय मिळालं नाही ही दादाजींची खंत अखेरपर्यंत राहिली.

मान-सन्मान आले नाहीत असं नाही. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचं काम देशासमोर आणलं, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या हातून गौरव झाला, राज्याचा कृषिभूषण मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण भारतातल्या सात प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना बसवलं. त्या यादीत मातीचा फ्रीज बनवणारे गुजरातचे मनसुखभाई प्रजापती होते. कुंभार तो, धान निवडणारे हे. दोघांनाही शब्दांत नव्हे, हातांनी विचार करायची सवय. त्यांच्यात आणि दादाजींच्यात फरक इतकाच की मनसुखभाई आपला माल विकू शकत होते. फ्रीज शेजाऱ्याने घेतला तरी त्याच्या घरी फ्रीजला फ्रीज होत नाही. धानाला मात्र धान होतं.

त्यामुळे ‘उद्योजक’ म्हणून छापून आलेल्या माणसाची स्थिती काय होती, तर राज्याने दिलेलं सोन्याचं पदक एके दिवशी ते विकायला घेऊन गेले. सोनाराने ते पाहिलं आणि सोनं खरं नाही असं सांगितलं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, विधिमंडळापर्यंत ओरड गेली, सरकारची शोभा झाली. पदकाच्या खोटेपणाची चर्चा पुष्कळ झाली. त्यांना ते विकायला का न्यावं लागलं याची फारशी झाली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांनी काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष राहुल गांधी नांदेडला येऊन कुटुंबाला भेटले. कॅमेरे आले, गावाचं नाव टीव्हीवर झळकलं. विदर्भातल्या पत्रकारांनी तेव्हा जे लिहिलं त्याचा सूर साधारण एकच होता: आमच्या माणसाला जिवंतपणी कुणी विचारलं नाही. हे अर्धसत्य. विचारलं पुष्कळांनी, हार घातले, व्यासपीठावर बसवलं. पण हारावर घर चालत नाही.

आता एक अडचणीचा मुद्दा. एचएमटीच्या प्रत्येक पायलीमागे दादाजींना काही मिळायला हवं होतं का? मिळालं असतं तर तो वाण गरिबाच्या बांधीत इतक्या सहज गेला असता का? मला वाटतं, नसता. दादाजींनी स्वतः बियाणं अडवून धरलं नाही. शेतकऱ्याकडून शेतकऱ्याने स्वामित्वधन घ्यावं असा झाडीपट्टीचा रिवाजही नाही. २००१चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा नेमका याच पेचातून वाट काढायला झाला. शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा हक्क आहे, आणि जो शेतकरी वाण घडवतो किंवा टिकवतो त्याच्यासाठी राष्ट्रीय जनुक निधीची तरतूद आहे. एचएमटी बाजारात येऊन तेव्हा दहाहून जास्त वर्षं उलटली होती.

खनिजाबाबत मात्र देशाने तोडगा काढला. २०१५च्या दुरुस्तीपासून खाणवाल्याला स्वामित्वधनाखेरीज त्याचा ठरावीक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावा लागतो, आणि तो पैसा खाणीची झळ बसणाऱ्या गावांसाठी असतो. तो पैसा गावात नीट पोचतो का, हा वेगळा वाद. पण नियम तरी आहे. तसंच काही बियाण्याचं करता आलं असतं. शेतकऱ्याला हात न लावता, विद्यापीठं आणि कंपन्या पीकेव्ही-एचएमटीची जी बियाण्याची पोती विकतात, त्या प्रत्येक पोत्यामागे दोन-चार रुपये नांदेडच्या त्या घराकडे वळवले असते, तर दादाजींना पदक घेऊन सोनाराच्या दारात जावं लागलं नसतं.